रीसेट की कोरे इन्स्टॉलेशन : सुरू न होणाऱ्या विंडोजवरचे दोन उपाय

संगणक विंडोजच्या चिन्हापाशीच अडकून राहू लागला की दुकानात ‘नवीन विंडोज टाकून देतो’ असे सांगितले जाते. त्याचा अर्थ विंडोजमधली ‘रीसेट धिस पीसी’ ही सोय वापरणे असा असू शकतो, किंवा पेन ड्राइव्हवरून कोरे इन्स्टॉलेशन करणे, म्हणजे जुनी विंडोज पुसून नव्याने टाकणे, असाही असू शकतो. आपल्या फायली राहणार की जाणार हे त्यावरच ठरत असल्यामुळे होकार देण्याआधी तेवढे स्पष्ट विचारून घ्यावे.

विंडोज १० किंवा ११ लागोपाठ दोनदा सुरू होऊ शकली नाही, तर सहसा दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो आणि तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये रीसेट सापडते. ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांसारख्या फोल्डरांतील फायली राहतात, मात्र आपण टाकलेले प्रोग्रॅम आणि सेटिंग जातात. हिशेबाच्या एखाद्या सॉफ्टवेअरचा डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असेल तर तोही जाण्याचा धोका असतो. नवी विंडोज डिस्कवरच्याच फायलींतून उभी राहते, आणि त्या फायली बिघडलेल्या असतील तर रीसेट अर्ध्यावर थांबते. अशा वेळी ‘क्लाउड डाउनलोड’, म्हणजे विंडोजच्या फायली इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा पर्याय, वापरून पाहावा. त्याला ४ जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो.

कोरे इन्स्टॉलेशन जुन्या विंडोजवर अवलंबून नसते. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करतात (त्यावर आधी असलेले सगळे पुसले जाते) आणि त्यावरून संगणक सुरू करतात. खरी जोखीम पार्टिशनांच्या (डिस्कच्या भागांच्या) यादीशी आहे. तिथे सी किंवा डी ही ओळखीची अक्षरे दिसत नाहीत, ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ अशी नोंद, आकार वगैरे दिसते. त्यामुळे घाईत सगळी पार्टिशने डिलीट केली की त्याच डिस्कवरच्या डी ड्राइव्हमधील फोटोही जातात. मूळ विंडोज अधिकृतपणे ॲक्टिव्हेट झालेली असेल आणि मदरबोर्ड तोच असेल, तर प्रॉडक्ट कीची पायरी ओलांडून पुढे जाता येते, कारण इंटरनेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन बहुधा आपोआप होते.

बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास हा फरक आणखी ठळक होतो. फायली राखून रीसेट करताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, तर कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये की नसतानाही पार्टिशन पुसता येते. ही की पुष्कळदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि ती मोबाइलवरूनही पाहता येते.

माझे मत असे की आधी रीसेट करून पाहावे, पण त्याच्याही आधी उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टमच्या पेन ड्राइव्हवरून संगणक तात्पुरता सुरू करून फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्कच खराब झाली असेल तर यांपैकी कोणत्याही उपायाचा उपयोग नाही. ती बदलावी लागते.

मराठीत डीटीपी करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे फॉन्ट दोन्ही मार्गांनी जातात, आणि ते पुन्हा टाकेपर्यंत जुनी कागदपत्रे अगम्य चिन्हांत दिसतात. फायली मात्र शाबूत असतात, म्हणून त्या खराब झाल्या असे समजून डिलीट करू नयेत.