"देव झेपेल तेवढंच दुःख देतो" हे बायबलमध्ये आहे का?

"देव आपल्याला झेपेल तेवढंच दुःख देतो" हे वाक्य बायबलचं वचन म्हणून कित्येक वर्षं फॉरवर्ड होतंय. मीसुद्धा प्रार्थनासभेत ते बोललोय, मुलगा गेलेल्या एका ताईंना, आणि त्या हातातला चहा तसाच धरून म्हणाल्या, मला नाही झेपत हो. त्या दिवशी घरी येऊन शोधलं.

असं वचन नाहीये. जवळचं आहे ते 1 करिंथ 10:13, म्हणजे येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं: देव तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा होऊ देणार नाही. पण अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला की कळतं, पौल तिथे मिसर सोडून रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांबद्दल बोलतोय, त्यांची मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर, आणि 14व्या वचनात लगेच म्हणतो मूर्तिपूजेपासून पळा. म्हणजे विषय पापाच्या मोहाचा आहे, मरण-आजारपणाचा नाही. गोंधळ होणं साहजिक आहे कारण मूळ ग्रीक शब्द "पैरास्मोस" परीक्षा आणि मोह दोन्हीसाठी वापरतात.

आता 2 करिंथ 1:8-9 उघडा. तोच पौल, त्याच मंडळीला लिहितोय की आशियात (आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमी प्रांत) आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याची आशाच सोडली होती. म्हणजे झेपलं नव्हतंच, आणि म्हणूनच तो मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर टेकला. एलिया संदेष्ट्याचंही तसंच, 1 राजे 19 मध्ये तो झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला ओरडत नाही, भाकर आणि पाणी देतो.

कुठलंही वचन फॉरवर्ड आलं की आधीची-नंतरची दहा वचनं वाचून बघा, पाच मिनिटं लागतात.

त्या ताईंकडे मी परत गेलो, यावेळी डबा घेऊन.