खपलीचं पीठ वेगळं का वागतं?

आमच्याकडून खपली गव्हाचं पीठ पहिल्यांदा नेणारे बरेच जण आठवडाभराने येऊन विचारतात, "चपाती लाटताना कडा फाटतात, पीठ जुनं होतं का?" पीठ ताजंच असतं. फरक गव्हाच्या कुळात आहे.

तुर्कस्तानच्या आग्नेय भागापासून इस्रायलपर्यंतच्या डोंगरउतारांवर खपलीचा रानटी पूर्वज आजही उगवतो. 1906 साली आरोन आरोनसोन या कृषितज्ज्ञाला तो गॅलिलीत सापडला. पिकला की त्याची ओंबी आपोआप मोडून जमिनीवर विखुरते. काही झाडांत जनुकीय बदलामुळे ओंबी मोडत नसे, आणि कापणी करणाऱ्यांच्या हाती तीच जास्त लागत. पुढच्या पेऱ्याला बियाणंही त्यांचंच. असं पिढ्यान्‌पिढ्या होत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी रानगवताचं पीक झालं.

टरफल मात्र घट्टच राहिलं. खपलीची ओंबी तळहातावर चोळून पाहा: मोकळा दाणा निघत नाही, टरफलात बसलेल्या दाण्यांच्या जोड्या सुटतात. म्हणून मळणीनंतर कांडणी वेगळी करावी लागते, आणि त्यात वजनही घटतं. खपली महाग पडते ती बरीचशी यामुळे.

आपला रोजचा गहू नंतरचा. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे शेतातल्या खपलीच्या जातीच्या गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला. गव्हाची 28 गुणसूत्रं, गवताची 14, मिळून 42. चपातीच्या कणकेला जो ताण येतो, त्यातला मोठा वाटा या गवताकडून आलेल्या ग्लुटेनच्या प्रथिनांचा. खपलीत ती 14 गुणसूत्रंच नाहीत, मग कणीक रबरासारखी ताणली जाईल कशी?

पण ग्लुटेन खपलीतही असतंच. सिलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) असलेल्यांनी ती अजिबात खाऊ नये. कोणी काहीही सांगो, आम्ही तशा घरी हे पीठ देत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला आम्हाला अभिमान वाटतो. गव्हाच्या खोडावरच्या तांबेरा रोगाला तोंड देणारी जनुकं शोधताना परदेशी शास्त्रज्ञांनी आपली खपली वापरली. ऑस्ट्रेलियात तिच्या संकरातून 'खपस्टाइन' हा गहू तयार झाला.

आता कणकेचं. पाणी कोमट घ्या, थोडं थोडं घाला, मळून अर्धा तास झाकून ठेवा. लाटताना मधून दाब द्या, कडा ओढू नका. खिरीसाठी सडलेली, म्हणजे कांडून कोंडा काढलेली, खपली वेगळी मागा. ती रात्रभर भिजवावी लागते.