घरात बसून विजा पाहताना: लहान मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

वळवाचे ढग भरून आले की अर्थिंग तपासून घेण्यासाठी आम्हा अर्थिंगचे काम करणाऱ्यांना फोन येऊ लागतात, आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो: मुलांना विजा बघायच्यात, खिडकीत उभं केलं तर चालेल का? विजा जरूर बघू द्या. खिडकीतून बघा, खिडकीत नको.

पक्क्या बांधकामाच्या, दारे-खिडक्या लावलेल्या घरात बसून वीज पाहण्यात धोका फार कमी असतो. काचेतून आत आलेल्या लखलखाटाने काही होत नाही. जपायचे असते ते बाहेरून आत आलेल्या धातूपासून: खिडकीचे गज, गॅलरीचे रेलिंग, नळ, वायर. वीज थेट घरावर पडण्याचे प्रसंग कमीच. दूरच्या लाइनवर किंवा दारातल्या माडावर पडलेली वीज वायरीतून, पाइपातून, ओल्या जमिनीतून आत शिरते, असे जास्त वेळा होते.

मुलांना बसवायचे कुठे

खिडकीपासून निदान दीड-दोन मीटर आत. चार फरश्या मोजा आणि तिथे सतरंजी टाका किंवा पलंगावर बसवा. 'मागे सरक' असे दहादा सांगण्यापेक्षा 'सतरंजीवरून उतरायचं नाही' हे तीन वर्षांच्या मुलाला लवकर कळते. स्लायडिंग खिडकी पूर्ण लावून घ्या. अॅल्युमिनियमची चौकट आणि बाहेरची ग्रिल हे दोन्ही धातूच, शिवाय वाऱ्याने काच फुटली तर तुकडे आतच येतात. बॉक्स ग्रिलमध्ये मुलाला बसवून पाऊस दाखवायची सवय बऱ्याच फ्लॅटमध्ये दिसते. गडगडाट ऐकू आला की ती जागा बंद. गॅलरी, ओसरी, पडवी ही घराचीच वाटली तरी विजेच्या हिशेबात ती बाहेरच. मुलाला कडेवर घेऊन गॅलरीत घास भरवायचा असेल, तर तोही आत.

भिंतीला आणि आरसीसी खांबाला टेकू नका. त्यांत सळ्या असतात. त्याच कारणाने उघड्या फरशीवर मुलांना झोपवू नका, खाली काहीतरी घाला.

पाणी आणि वायर

गडगडाट सुरू असताना आंघोळ, भांडी, कपडे सगळे थांबवा. प्लॅस्टिकच्या पाइपमुळे धोका कमी होतो, पण संपत नाही: आतले पाणी वीज वाहून नेते, आणि गच्चीवर सोलर हीटर असेल तर त्याचा लोखंडी सांगाडा घरातल्या सर्वांत उंच जागी उभा असतो. बाळाची आंघोळ अर्धा तास पुढे गेली तर काही बिघडत नाही.

मोबाइल हातात असल्याने वीज पडत नाही. चार्जिंगला लावलेला मोबाइल मात्र वायरीने थेट लाइनला जोडलेला असतो. मुलाच्या हातात कार्टून लावून दिलेला फोन बहुतेक वेळा नेमका चार्जिंगलाच असतो. वायरचा हेडफोन, गेमचा वायरवाला रिमोट, लँडलाइन यांचेही तेच.

लाइट गेली म्हणजे धोका गेला, असा समज आहे. खांबावरची वायर तुमच्या मीटरला जोडलेलीच असते. बटण बंद करूनही भागत नाही: ढगापासून जमिनीपर्यंत हवा फोडत आलेल्या विजेला बटणातली काही मिलिमीटरची फट अडवणार नाही. टीव्ही, फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स यांचे प्लग उपसूनच ठेवावे लागतात, आणि केबलची वायरही काढावी लागते. नाहीतर प्लग काढलेला टीव्ही केबलमधून जळतो. हे काम ढग लांब असतानाच उरका. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावण्यापेक्षा टीव्ही गेलेला परवडला.

मोजायचा खेळ

आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. लखलखाट दिसला की मुलांना सावकाश आकडे मोजायला लावा, गडगडाट आला की थांबा, आणि आलेल्या आकड्याला 3 ने भागा. 15 आले तर वीज 5 किलोमीटरवर. 30 किंवा त्याहून कमी आले तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत, म्हणजे पुढची तुमच्या अंगणातही पडू शकते. पाऊस सुरू झालेला नसला तरीही. खरे तर गडगडाट ऐकू येतो तेवढे अंतरच पुरेसे जवळ असते; मोजणी भीती घालवण्यासाठी आणि ढग येतोय की जातोय हे कळण्यासाठी. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे झाल्याशिवाय मुलांना अंगणात सोडू नका. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पापड-कुरडया असतात, आणि पहिला थेंब पडताच मोठ्यांच्या मागे मुलेही जिन्याने पळतात. वाळवण भिजले तर भिजू द्या.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' अॅप 20 ते 40 किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची सूचना देते. ते फोनवर असू द्या.

एक समज अजून कानावर येतो: पायाळू मुलावर वीज पडते. मूल कसे जन्मले याचा विजेशी काडीचाही संबंध नाही. गजापासून लांब मात्र सगळ्यांनीच बसायचे.

पत्र्याचे घर असेल तर

इथे 'घरात आहोत, म्हणजे सुरक्षित' असे सरसकट म्हणता येत नाही. पत्र्यावर पडलेली वीज जमिनीत जायला वाट शोधते, आणि सलग वाट नसेल तर पत्र्यावरून खांबावर, वायरीवर किंवा माणसावर उडी घेते. जवळ पक्के घर असेल तर ढग जमताच मुलांना घेऊन तिकडे जा. नसेल तर खोलीच्या मध्यावर, लोखंडी खांब, ट्रंक आणि वायरीपासून दूर बसा. पत्र्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून 25 × 3 मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी बाहेरच्या बाजूने, वळसे न देता, थेट अर्थिंगला उतरवून घ्या. खिडकीच्या ग्रिलला किंवा पत्र्याला घरातल्या प्लगच्या अर्थिंगची वायर जोडण्याचा उद्योग कोणी सुचवला तर करू नका. तो विजेला आत यायचे आमंत्रण देणे आहे.

आमच्या कामाबद्दल थोडे

एमसीबी (जादा करंट गेला की पडणारे बटण) आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारे बटण) आकाशातल्या विजेपासून वाचवत नाहीत. त्यांचे काम वेगळे आहे. विजेसाठी एसपीडी, म्हणजे वायरीतून आलेला विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारे उपकरण, लागते. ती मेन बोर्डात, वायर घरात शिरते तिथेच बसवायची, आणि तिच्या जोडणीच्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची. लांब वायर सोडली की एसपीडी असूनही टीव्ही जळतो. तक्रारींमागे बरेचदा हेच निघते. एसपीडीवरच्या छोट्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तिचे कार्ट्रिज (आतला सुटा भाग) बदला. अर्थिंग नसेल तर एसपीडीचा उपयोग नाही, आणि असली तरी एसपीडी उपकरणे वाचवते, नळाखालच्या हाताला वाचवत नाही.

शेजारच्या टॉवरवर अरेस्टर (वीज झेलून जमिनीत नेणारा धातूचा दांडा) आहे म्हणून आपले घर सुटत नाही. साध्या दांड्याचे संरक्षण ढोबळमानाने त्याच्या उंचीइतक्या अंतरापुरते धरतात. एका दांड्यात शंभर मीटरचा परिसर सुरक्षित होतो असे सांगणाऱ्याला, आयएस/आयईसी 62305 या मानकात ते कुठे लिहिले आहे, एवढेच विचारा. अरेस्टरची अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवायची, हाही गैरसमजच. दोन्ही खाली जमिनीपाशी एकमेकींना जोडायच्या, म्हणजे दोघींमध्ये ठिणगी उडत नाही.

वळीव येतो तेव्हा जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते, म्हणजे अर्थिंगही सर्वांत कमजोर. मार्चमध्ये अर्थिंगच्या खड्ड्याचे झाकण उघडून पट्टीचा जोड गंजला आहे का ते पाहा, पाणी घाला आणि रोध मोजून घ्या. अरेस्टरच्या अर्थिंगचा रोध 10 ओहमच्या आत असावा.

कोणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात वीज राहत नाही. लगेच हात लावता येतो. 108 ला फोन करा, आणि श्वास व नाडी नसेल तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहा.

तपासणीसाठी बोलावताना मेन बोर्डाचा झाकण न उघडता काढलेला फोटो, छताचा प्रकार, गच्चीवरच्या धातूच्या वस्तूंची यादी आणि घराशेजारच्या उंच झाडाचे अंतर पाठवा. एका फेरीत काम होते.