ट्रॉयचा घोडा इलियडमध्ये नाहीये

ग्रीक सैनिक ज्यात लपून ट्रॉय शहरात शिरले तो लाकडी घोडा नि ग्रीक वीर अकिलीसची टाच, म्हणजे त्याच्या अंगावरची एकमेव कच्ची जागा, दोन्ही ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड या महाकाव्यात आहेत असं जो तो ठोकून देतो, पण इलियड संपतं ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच्या अंत्यसंस्काराशी, तेव्हा अकिलीस चांगला जिवंत असतो आणि घोड्याचा पत्ताच नसतो. घोडा येतो होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत, तोही आठवणीत, आणि तिथला सीन भारी आहे, जिच्यावरून युद्ध पेटलं ती हेलन घोड्याभोवती तीन चकरा मारत आत लपलेल्या ग्रीक वीरांना त्यांच्या बायकांच्या आवाजात हाका मारते, एकजण ओ देणार तेवढ्यात त्यांच्यातलाच ओडिसियस त्याचं तोंड गच्च दाबतो. अकिलीसला लहानपणी पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केल्याची गोष्ट तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशियसकडे सापडते. इलियडच्या २१व्या सर्गात अकिलीसच्या हाताला भाला लागून चक्क रक्त येतं, मग कसला अभेद्य!