श्रोणीवरील अस्थिखुणा

श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, हाडांचे जे उंचवटे, कडा व टोके त्वचेवरून किंवा योनीमार्गे बोटांनी चाचपता येतात, त्यांना अस्थिखुणा म्हणतात. चरबी व स्नायूंची जाडी व्यक्तीगणिक बदलते, हाडांचा परस्परसंबंध मात्र फारसा बदलत नाही. म्हणून खोलवरच्या मज्जातंतूंचा व रक्तवाहिन्यांचा ठाव या खुणांवरून घेतला जातो. दोन नितंबास्थी, त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) आणि माकडहाड मिळून श्रोणी बनते. प्रत्येक नितंबास्थी बालपणी श्रोणिफलक (वरचा पसरट भाग), आसनास्थी (खालचा मागचा भाग) व जघनास्थी (पुढचा भाग) अशी तीन हाडे असते आणि पौगंडावस्थेत ती खुब्याच्या खोबणीत एकजीव होतात.

कमरेवर हात ठेवला की लागते ती श्रोणिफलकाची वरची कड. दोन्ही बाजूंच्या कडांचे सर्वोच्च बिंदू जोडणारी रेषा साधारणपणे चौथ्या कटिमणक्यावरून किंवा त्याच्या खालच्या फटीवरून जाते. प्रौढांमध्ये मज्जारज्जू बहुधा पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशीच संपत असल्याने पाठीतून मज्जाद्रव (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढताना सुई याच रेषेच्या आसपास टोचतात. स्थूल व्यक्तींमध्ये मात्र चाचपून ठरवलेली रेषा खऱ्या पातळीपेक्षा वर येण्याचा संभव असतो, ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

कडेचे पुढचे टोक म्हणजे अग्र-ऊर्ध्व कंटक (कंटक म्हणजे हाडाचे काट्यासारखे टोक). सर्व खुणांत याचा उपयोग सर्वांत विविध आहे. पायाची लांबी येथून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत मोजतात. उजव्या कंटकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेच्या एक तृतीयांश अंतरावर आंत्रपुच्छदाहात (अपेंडिक्सच्या सुजेत) सहसा सर्वाधिक दुखते. जांघेतील बंध (तंतूंची चिवट पट्टी) याच कंटकापासून जघनास्थीच्या गाठीपर्यंत, म्हणजे तिच्यावरील लहान उंचवट्यापर्यंत, जातो. हर्नियाचा फुगवटा त्या गाठीच्या वर व आतल्या बाजूस असेल तर तो जांघेचा, खाली व बाहेरच्या बाजूस असेल तर मांडीचा समजतात. कडेचे मागचे टोक पाठीवरील खळीखाली, दुसऱ्या त्रिकमणक्याच्या पातळीवर असते. अस्थिमज्जेचा नमुना बहुधा तेथून घेतात.

बसल्यावर शरीराचा भार पेलणारा आसनास्थीचा जाड उंचवटा मांडी दुमडली की सहज लागतो. आसनकंटक, म्हणजे आसनास्थीचे टोक, त्याहून वर व खोल असतो. प्रसूतीच्या वेळी दोन्ही आसनकंटकांची पातळी शून्य धरून बाळाचे डोके किती उतरले ते सेंटिमीटरमध्ये सांगतात. पातळीच्या वर उणे, खाली अधिक. प्युडेंडल मज्जातंतू या कंटकाला वळसा घालून जातो, त्यामुळे जननमार्गाचा खालचा भाग बधिर करण्यासाठीही याच टोकाजवळ औषध टोचतात.