बोलणं संपलं की नुसतं थांबलं?

फोनवर माणसांशी बोलणाऱ्या यंत्रांना हा प्रश्न सतत पडतो. माणसं तो कसा सोडवतात, ते आधी पाहू. गप्पा मारताना एकाचं बोलणं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामध्ये साधारण २०० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधल्या खऱ्याखुऱ्या संभाषणांतून हो-नाहीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं वेचून हा वेळ मोजला. जपानी लोक सगळ्यांत तत्पर निघाले, सरासरी ७ मिलिसेकंद. डॅनिश सगळ्यांत सावकाश, तरीही ४६९. मेक्सिकोतली त्सेल्ताल असो की लाओसमधली लाओ, सगळ्या भाषा याच अर्ध्या सेकंदाच्या आत बसल्या. त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती.

आता दुसरा आकडा पाहा. समोर चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ असं विचारलं, तर एक शब्द तोंडातून बाहेर पडायला जवळजवळ ६०० मिलिसेकंद लागतात. चित्राचं वर्णन करणारं छोटं वाक्य असेल तर दीड सेकंद. मग उत्तर २०० मिलिसेकंदांत येतं कसं? याचा अर्थ एकच: समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. २०१५ मधल्या एका प्रयोगात मेंदूतल्या विद्युतलहरी मोजताना हे दिसलंही. प्रश्नातला कळीचा शब्द कधी मधेच ठेवला, कधी अगदी शेवटी. तो कानावर पडल्यापासून सुमारे अर्ध्या सेकंदात उत्तराची तयारी सुरू होत होती, मग प्रश्न संपायचा असो वा नसो.

तयारी झाली तरी तोंड कधी उघडायचं हे कळावं लागतं. २००६ साली डच संभाषणांवर केलेला प्रयोग मला यात फार मोलाचा वाटतो. ऐकणाऱ्यांनी बोलणं नेमकं संपेल त्या क्षणी बटण दाबायचं होतं. आवाजातले चढउतार काढून तो सपाट केला, तरी अंदाज बिघडला नाही. चढउतार ठेवून शब्द ओळखू येणार नाहीत असे केले, तेव्हा मात्र बिघडला. म्हणजे शेवट ओळखण्याचं मोठं काम शब्द आणि वाक्यरचना करतात. सूर अगदीच निरुपयोगी नाही. वाक्य एकाहून अधिक ठिकाणी संपू शकत असेल, तेव्हा निवाडा तोच करतो.

एकूण, माणूस शांततेची वाट पाहत नाही, शेवटाचा अंदाज बांधतो. फोनवर बोलणारी बहुतेक यंत्रं नेमकी शांततेची वाट पाहत बसतात, आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात.

नेहमीची रचना अशी असते. आलेल्या आवाजाचे १० ते ३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात माणसाचा आवाज आहे की नाही, हे एक छोटी प्रणाली ठरवते. सलग ५०० ते ८०० मिलिसेकंद आवाज आला नाही की ‘बोलणं संपलं’ असं धरून पुढचं काम सुरू होतं: बोलण्याचा मजकूर करणं, भाषा-मॉडेलनं, म्हणजे मजकूर रचणाऱ्या संगणक-प्रणालीनं, उत्तर तयार करणं, त्या उत्तराचा आवाज बनवणं. यात आणखी अर्धा ते एक सेकंद सहज जातो, शिवाय फोनच्या जाळ्यातला विलंब वेगळा.

अडचण अशी, की माणूस बोलता बोलता मधे थांबतो तो थांबा दोन माणसांमधल्या अंतरापेक्षा बरेचदा मोठा असतो. त्यामुळे थांबण्याची एकच मर्यादा ठेवली, तर ती कुठे ना कुठे चुकणारच. मोबाइल नंबर सांगणारी बाई घ्या. ‘अठ्ठ्याण्णव बावीस…’ म्हणून ती पुढचे आकडे कागदावर शोधते. मर्यादा ५०० मिलिसेकंदांची असेल तर यंत्र चार आकड्यांवरच म्हणतं, ‘हा नंबर अपूर्ण आहे.’ म्हणून मर्यादा दीड सेकंद केली, की साध्या ‘हो’ नंतरही यंत्र तेवढंच गप्प राहतं. आणि गप्प राहण्याला माणसांत अर्थ असतो. इंग्रजी भाषकांवरच्या प्रयोगांत उत्तराला ७०० मिलिसेकंदांहून अधिक उशीर झाला, की ऐकणाऱ्याला समोरचा नाखूश वाटू लागला. फोनवर तर लगेच ‘हॅलो? ऐकू येतंय का?’ सुरू होतं. यंत्र त्या ‘हॅलो’ला नवं बोलणं समजून तयार होत आलेलं उत्तर रद्द करतं, पुन्हा मोजायला बसतं, आणि उशीर दुप्पट होतो.

पहिला उपाय सोपा आहे: मर्यादा प्रश्नागणिक बदलायची. हो-नाहीच्या प्रश्नाला ३००-४०० मिलिसेकंद पुरतात. नंबर विचारला असेल तर दहा आकडे होईपर्यंत दोन सेकंदांपर्यंत थांबावं, दहावा आला की लगेच पुढे जावं. पत्त्यासाठी आणखी सैल.

दुसरा उपाय वाक्याकडे पाहण्याचा, आणि इथे मराठीची रचना मदतीला येते. क्रियापद बहुधा शेवटी असतं. ‘मी उद्या बँकेत जाऊन…’ इथे ‘जाऊन’ ऐकताच पुढे काहीतरी आहे हे कळतं. ‘जाऊन येते’ म्हटलं की झालं. ‘-ऊन’, ‘आणि’, ‘म्हणजे’, ‘की’ यांवर थांबलेल्या माणसाला वेळ द्यायचा, पूर्ण क्रियापदावर थांबलेल्याला लगेच उत्तर. ‘पण’ मात्र फसवा. ‘आलो असतो हो, पण…’ हे पुष्कळदा पूर्ण बोलणं असतं, नकारच तो. तिथे आवाज विरत गेला की ताणून धरला, हे ऐकल्याशिवाय निर्णय होत नाही.

उलट बाजूही तितकीच अवघड आहे. यंत्र बोलत असताना ऐकणारा ‘हं’, ‘बरं’, ‘हो हो’ म्हणत राहतो. त्याला बोलायचं नसतं, ऐकतोय एवढंच सांगायचं असतं. यंत्र प्रत्येक ‘हं’ला थांबलं तर वाक्य कधी पुरं होत नाही, थांबलंच नाही तर ‘अहो, नको, रद्द करा’ हेही वाया जातं. म्हणून आवाज येताच न थांबता पहिला शब्द ओळखून ठरवावं. फोन स्पीकरवर असेल तर यंत्राला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, तो प्रतिध्वनी आधी वजा करावा लागतो. एक चूक सर्रास होते. मधेच थांबवल्यावरही यंत्राच्या स्मृतीत संपूर्ण उत्तर तसंच राहतं. ग्राहकानं ‘शुल्क शंभर रुपये’ हे ऐकलेलंच नसतं, यंत्र मात्र ते सांगून झालं असं धरून चालतं. जिथपर्यंत आवाज वाजला, तिथपर्यंतच मजकूर ठेवायला हवा.

अलीकडची मॉडेलं बोलण्याची पाळी कुणाची, हे ठरवण्याची वेगळी पायरीच काढून टाकू पाहतात. पॅरिसच्या क्युताई प्रयोगशाळेनं २०२४ मध्ये आणलेलं ‘मोशी’ हे बोलणारं मॉडेल दोन्ही बाजूंचे आवाज एकाच वेळी, ८० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी हाताळतं. ऐकणं आणि बोलणं सोबतच चालू. त्याचा विलंब सुमारे २०० मिलिसेकंद असल्याचं त्यांनी नोंदवलं आहे.

असं मॉडेल मराठीत घडवायचं तर दोन माणसांच्या मोकळ्या गप्पा लागतील, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वाहिनीवर ध्वनिमुद्रित केलेला, बोलणाऱ्यांच्या संमतीनं. एकट्यानं वाचून दाखवलेली वाक्यं कितीही तास जमवली तरी तेवढ्यानं इथे भागत नाही, कारण त्यांत कुणी कुणासाठी थांबत नाही, कुणी मधे ‘हं’ म्हणत नाही.