लेबलवर मिश्रधातू, डबीत काय?

सोनाराच्या मुशीत सोनं आणि चांदी वितळवली की ती कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. नॅनोकणांच्या बाबतीत असं गृहीत धरता येत नाही. १० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कणात जेमतेम ३० हजार अणू, आणि त्यातले साधारण सातवा हिस्सा पृष्ठभागावरच. बाटलीवर 'सोने-चांदी ५०:५०' लिहिलेलं असलं तरी आत तीन निराळ्या गोष्टी असू शकतात: अणूअणूंनी मिसळलेले कण, सोन्याच्या गाभ्यावर चांदीचं कवच, किंवा सोन्याचे कण वेगळे आणि चांदीचे वेगळे. आम्लात विरघळवून धातूंचं प्रमाण काढलं तर तिन्हींचं उत्तर तेच येतं.

क्ष-किरण विवर्तन, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंची अंतरं मोजण्याची पद्धत, हेही इथे दगा देतं. सोन्याच्या स्फटिकातलं मूळ अंतर ४.०७८ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), चांदीचं ४.०८६. इतका बारीक फरक नॅनोकणांच्या आलेखातल्या पसरट शिखरांत दिसतच नाही. खरी साक्ष देतो तो रंग. पाण्यातले चांदीचे गोल, लहान कण ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात आणि पिवळे दिसतात; सोन्याचे ५२०च्या आसपास, म्हणून ते लाल. कण खरोखर मिश्रधातूचे असतील तर शोषणाचं एकच शिखर मिळतं आणि ते प्रमाणानुसार सरकतं. ५०:५० असेल तर सुमारे ४६०ला, द्रावण नारिंगी. दोन शिखरं दिसली तर पुरवठादाराला जाब विचारायला हरकत नाही. तेव्हाच हेही विचारावं की ५०:५० वजनाने की अणूंच्या संख्येने? अणू निम्मेनिम्मे असतील तर वजनात सोनं ६५ टक्क्यांच्या घरात जातं.

असे कण प्रयोगशाळेत बनवता येतात. ९५ मिलिलिटर शुद्ध पाणी खळखळ उकळायचं, त्यात ५ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याचं संयुग) आणि तेवढ्याच तीव्रतेचं सिल्व्हर नायट्रेट (चांदीचं), प्रत्येकी १ मिलिलिटर घालायचं, लगेच संयुगांतून धातू मोकळा करणाऱ्या ट्रायसोडियम सायट्रेटचं १ टक्क्याचं ५ मिलिलिटर द्रावण ओतायचं आणि रंग स्थिर होईपर्यंत उकळत ठेवायचं. बिघडतं ते बहुतेक क्लोराइडमुळे. सोन्याचा प्रत्येक अणू चार क्लोराइड घेऊन येतो आणि चांदी त्यांच्याशी जुळून पांढरा गढूळ साका धरते. सिल्व्हर क्लोराइड उकळत्या पाण्यात थंड पाण्यापेक्षा सुमारे दहापट जास्त विरघळतं, म्हणून आधी उकळी, मग सोन्या-चांदीचे क्षार, तेही पातळच. दोन्ही क्षार थंड पाण्यात एकत्र केले, किंवा नळाचं पाणी वापरलं, की चांदी तिथेच अडकते.

दुसरी अडचण वेगाची. सोनं चांदीच्या आधी धातुरूपात येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने दोन्ही धातूंचं एकाच वेळी क्षपण केलं (म्हणजे त्यांना क्षारांतून धातुरूपात आणलं), तेव्हा मिळाला सोन्याचा गाभा आणि वर चांदीचं कवच. क्षपण सावकाश झालं की सोनं पुढे निघून जातं. गाभा-कवच कणांनाही स्वतःचा उपयोग आहेच, पण त्यांना मिश्रधातू म्हणून विकणं चूक.

तांबं-निकेल, लोह-निकेल यांच्या कोरड्या भुकट्यांचा प्रश्न निराळा. तिथे शत्रू हवा. २० नॅनोमीटरच्या कणाचा बाहेरचा २ नॅनोमीटर थर ऑक्साइड झाला, तर आत १६ नॅनोमीटरचा धातू उरतो, म्हणजे मूळ आकारमानाच्या निम्माच! १०० नॅनोमीटरच्या कणात तोच थर जेमतेम ११-१२ टक्के खातो. म्हणून जितका बारीक माल, तितकं आर्गॉन या निष्क्रिय वायूमधलं पॅकिंग महत्त्वाचं. निष्क्रिय थर न दिलेली लोहयुक्त भुकटी हवेत उघडली तर आपोआप पेट घेऊ शकते. अशा आगीवर पाणी मारू नये, कोरडी वाळू टाकावी.

आकाराचा दावाही पडताळता येतो. विक्रेत्याकडून प्रतिग्रॅम पृष्ठफळ मागवावं आणि ६००० ला घनता गुणिले पृष्ठफळ याने भागावं. उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. तांबं-निकेलची घनता ८.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. कण खरंच ५० नॅनोमीटरचे असतील तर पृष्ठफळ ग्रॅममागे साडेतेरा चौरस मीटर हवं. अहवालात ६ दिसलं तर कण ११० नॅनोमीटरच्या आसपासचे आहेत, किंवा एकमेकांना भाजून चिकटलेले आहेत. नुसते सैल चिकटलेले गठ्ठे अल्ट्रासोनिक प्रोबने, म्हणजे द्रवात ध्वनिकंप सोडणाऱ्या दांडीने, सुटतात. भाजून जोडलेले मात्र कितीही वेळ लावला तरी सुटत नाहीत. म्हणून सूक्ष्मदर्शकाचा फोटो त्याच बॅचचा मागावा, कॅटलॉगमधला नको.

आणि १०० ग्रॅमची एक डबी घेण्यापेक्षा १० ग्रॅमच्या दहा सीलबंद बाटल्या घ्याव्यात. थोड्या महाग पडतात, पण एकदा झाकण उघडलं की उरलेल्या मालाचं ऑक्सिडीकरण सुरूच राहतं.